धोटा की होडी

दादा, तुझं तेरावं यादीप्रमाणे पार पडलं. पानं कमी पडली नाहीत, भटजी वेळेवर आले, वहिनीने चार घास खाल्ले, गावाहून आलेल्या माणसांना परतीच्या एसटीत बसवून दिलं. संध्याकाळी वही काढून एकेका ओळीपुढे बरोबरची खूण करत गेले आणि शेवटच्या ओळीशी अडले. ती ओळ तेराव्याच्या कामातली नव्हतीच. जानेवारीपासून एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवत आणलेली होती: ‘दादाशी बोलणे, धोट्याबद्दल.’

राहिलेलं काम पुढच्या पानावर उतरवायचं हा माझा नियम. त्यावरून तू मला किती छळलंस! ‘या मीनाच्या वहीत कामं मरत नाहीत गो, नुसती घरं बदलतात.’

आता हे काम कुठल्या पानावर उतरवू? तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी एक फोन केला. तू गेल्यानंतर मी केलेलं एवढं एकच काम तुला सांगण्यासारखं आहे. पण ते सांगायचं तर आधी आपलं भांडण सांगावं लागेल. अर्धवट राहिलेलं. माझ्या बाजूने मी ते नऊ महिने रोज मनात भांडत होते. तुझ्या बाजूने काय चाललं होतं ते मला परवा कळलं.

आपल्या सहली कशा सुरू झाल्या हे तू प्रत्येकाला वेगळं सांगायचास. कधी म्हणायचास, सलीमभाईंचा रस्ता चुकला आणि समोर म्युझियम आलं. कधी म्हणायचास, मीनाला ऑफिसात हुकूम सोडून पुरत नव्हतं म्हणून तिने गाडी काढली. खरं असं की, आपण तिघं शेजारी राहत होतो ती चाळ पडली आणि टॉवर झाला. तू अकराव्या मजल्यावर, मी सातव्या, सुनंदा रस्त्यापलीकडच्या इमारतीत. लिफ्टमध्ये भेटलो तर भेटलो. गिरणी सुटल्यावर तू वीस वर्षं वॉचमनगिरी केलीस, तीही संपली. खिडकीत बसून लालबागचा पूल बघत बसायचास. एक दिवस वहिनी मला म्हणाली, ‘ह्यांना कुठेतरी घेऊन जा गं, नाहीतर हे त्या पुलावरच्या गाड्या मोजून मोजून वेडे होतील.’ मग मी वही काढली.

म्युझियम बघायची कल्पना मात्र तुझी. मी म्हटलं, मुंबईत एवढं मोठं आहे, आधी ते तर नीट बघू. तू म्हणालास, ‘तिथे राजांच्या वस्तू. आपल्याला आपल्यासारख्यांच्या बघायच्यात.’ म्हणून आपण लहान गावांतली शोधली. कुठे नगरपालिकेच्या जुन्या दवाखान्यात, कुठे शाळेच्या एका वर्गात. दरवर्षी जानेवारीत चार दिवस, माझगावच्या सलीमभाईंची तेरा सीटची गाडी आणि माझं वेळापत्रक. ते वेळापत्रक तू कधी टिकू दिलं नाहीस. एकदा म्युझियमला कुलूप होतं. किल्लीवाले गृहस्थ नातीच्या लग्नाला गेलेले. मी पुढच्या गावाची तयारी करत होते, तेवढ्यात तू आम्हा अकरा जणांना घेऊन थेट मांडवात. ‘मुंबईहून आलोय, किल्लीसाठी,’ म्हणालास, आणि त्या माणसांनी आपल्याला पंगतीत बसवलं. सुनंदाच्या पानात दुसऱ्यांदा जिलेबी पडली तेव्हा ती मला म्हणाली, ‘तुझ्या कागदावर हे कितीला होतं?’ जेवण झाल्यावर नवरीच्या आजोबांनी फेट्यासकट येऊन कुलूप उघडलं आणि तिथली प्रत्येक वस्तू स्वतः समजावली. त्या दिवशी मी दोन ठिकाणं वहीतून खोडली आणि तुझ्यावर चिडले. आज त्या खोडलेल्या गावांची नावंही आठवत नाहीत. फेटा आठवतो.

वस्तू बघायची तुझी एक पद्धत होती. तू पाटी वाचायचा नाहीस. हात मागे बांधून काचेवर वाकायचास आणि वस्तू कुठे झिजली आहे ते शोधायचास. जात्याचा खुंटा, पायलीचा काठ, तराजूची दांडी. ‘झिजलंय तिथे माणूस आहे,’ म्हणायचास. ‘बाकी सगळं लाकूड नि लोखंड.’ गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून हजारो धाग्यांतला तुटलेला एक धागा पकडणारे डोळे ते. मला तसं दिसायचं नाही. माझे बाबा टपालखात्यात. आमच्या घरी झिजलेलं असं काही नव्हतं, शिक्का सोडला तर. पण तुझ्यामुळे मी बघायला शिकले. हे तुला कधी सांगितलं नाही. तेही यादीत घालायला हवं होतं.

आता ते गाव. सातारा मागे टाकून हमरस्ता सोडला की तासाभरावर. वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्या, खाली पायऱ्यांवर एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेतलेले पेन्शनर. ते म्युझियम निवृत्त शिक्षक जाधव सरांनी उभं केलेलं. घरटी एक वस्तू मागायची, आणि वस्तू देणारे सांगतील तेच कार्डावर लिहायचं, हा त्यांचा नियम. ‘मी एक शब्द बदलत नाही,’ सर आपल्याला अभिमानाने म्हणाले होते. ‘हे गावाच्या तोंडचं म्युझियम आहे.’

मुंबईची माणसं आली म्हणून वस्तू देणारी दोन-चार माणसंही वर येऊन बसली होती. त्यांत इंदूआजी. नऊवारी, हातात काठी, बाकाच्या टोकाला. दर गुरुवारी बाजार करून ती वर यायची आणि आपण दिलेल्या वस्तूसमोर थोडा वेळ बसून जायची, असं सरांनी सांगितलं. ती वस्तू दुसऱ्या खोलीत होती. लाकडी, दीड-दोन वीत लांब, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये पोकळ. कार्डावर आजीच्या शब्दांत लिहिलं होतं: ‘होडी. मालकांनी मुंबईहून मुलासाठी विकत आणलेली.’

तू वाकलास आणि मागे बांधलेले हात सुटले.

‘अगो, धोटो!’ हळूच म्हणालास. आश्चर्य वाटलं की तुझ्या तोंडून मालवणीच यायची. ‘साच्यावरचा धोटा हा. ह्या पोकळीत सुताची कांडी बसायची. हे भोक बघ, इथून सूत तोंडाने ओढून बाहेर काढायचं. असा भिरभिर जायचा इकडून तिकडे.’ मग बोटाने काचेवरून दाखवलंस. ‘बाजू बघ कशी गुळगुळीत झालीय, ती साच्यावर. आणि ही टोकाची खाच? ती साच्यावरची नव्हे. ती दोरीची. पोराने बांधून ओढलाय.’

‘म्हणजे कार्ड चुकीचं आहे,’ मी म्हटलं.

‘बरोबर आहे.’

‘बरोबर काय आहे? होडी लिहिलंय.’

‘सगळंच बरोबर आहे. चल, चहाला बोलावतायत.’

तू गच्चीत गेलास. मी गेले नाही. मी अभिप्रायाची वही ओढली आणि पानभर लिहिलं. मुद्दे घालून. वस्तू कोणती, उपयोग काय, ओळखायच्या खुणा कोणत्या, खाली आकृती. सगळं तू मला पाच मिनिटांपूर्वी शिकवलेलं. तू शिकवलं नसतंस तर मीही होडी वाचून पुढे गेले असते.

सरांनी ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. प्रामाणिक माणूस, चूक दाखवली म्हणून उलट आभार मानले आणि तिथल्या तिथे कार्डावरचा ‘होडी’ शब्द लाल पेनाने खोडला. तू चहाचा कप घेऊन दारात उभा होतास.

‘काय म्हन्ती ती बाई?’ इंदूआजीने विचारलं.

‘आजी, ती होडी न्हाई म्हणत्यात. गिरणीच्या यंत्राचा भाग हाय.’

‘आसं कसं? मालकांनी इकत आनलीवती की. मुंबईच्या बाजारातनं.’

सर गप्प बसले. दादा, मीही गप्प बसू शकले असते. मी म्हटलं, ‘विकत नाही मिळत ते आजी. मोडलं की गिरणीत टाकून देतात.’

आजीने काठी घेतली, पदर सारखा केला. ‘आसंल बाई,’ म्हणाली आणि जिना उतरून गेली. एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवून. तो जिना किती पायऱ्यांचा आहे ते मला पाठ आहे.

तू बोललास ते तासाभराने, हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर. बाकीचे उसाच्या रसाला गेले होते. बाकड्यावर तू, मी आणि सुनंदा.

‘तुला काय गरज होती?’

‘चुकीचं होतं दादा.’

‘कोणाचं नुकसान होत होतं?’

‘म्युझियम आहे ते. उद्या एखादं पोर येईल आणि होडी म्हणून वाचून जाईल.’

‘जाऊ दे की. होडीच होती ती. खाच दाखवली ना मी तुला? खेळून खेळून पाडलीय. ती काय यंत्राने पाडली?’

‘पण विकत आणलेली नव्हती. ते तरी खोटं?’

तेव्हा तू ते सांगितलंस. माझ्याकडे न बघता, गाड्यांकडे बघत. ‘आम्ही सगळ्यांनी नेलेत गो. मोडका धोटा जॉबरकडे, आमच्या मुकादमाकडे, मागायचा. तो चार दिवस फिरवायचा, मग द्यायचा. गेटवर दाखवून बाहेर काढायचा. टोकाचं लोखंड घासून बोथट करायचं, पोराला लागू नये म्हणून. मग फुटक्या काचेने तासायचा. खोबरेल लावायचं. आणि घरी सांगायचं, विकत आणली. आमची रेश्मा लहान होती, तिलाही मी तेच सांगितलं.’

इथे मी काय बोलायला हवं होतं त्याची माझ्याकडे आज मोठी यादी आहे. तेव्हा मी म्हटलं, ‘म्हणजे तूही खोटंच सांगितलंस ना?’

तू ग्लास खाली ठेवलास. अर्धा चहा तसाच होता. तू चहा टाकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग सुनंदा बोलली. आवाज न चढवता, चहा फुंकत. ‘दादा, एक सांगू? रागावू नकोस. आमच्या आप्पांनी सगळी हयात गिरणीत काढली, पण धोट्याला हात नाही लावला. साचेखात्यात आमच्या माणसांना घेतच नव्हते. सूत तोंडाने ओढायचं असतं ना. आमच्या तोंडचा धोटा पुढच्या पाळीच्या माणसाला कसा चालेल? शेजारच्या खात्यातून आप्पा नुसते बघायचे. पगार तिथे जास्त. आता त्या कार्डावर नुसतं होडी लिहिलं, तर ही गोष्ट कुठे जाते?’

तू तिच्याकडे वळलास. ‘खरं गो,’ म्हणालास. ‘खरं.’

तिला उत्तर दिलंस. मला नाही दिलंस. मुंबईपर्यंत तू डोळे मिटून बसलास, झोपला नव्हतास. घाटात सलीमभाईंनी विचारलं, ‘क्या दादा, आज रेडिओ बंद?’ तेव्हा तू नुसता हात हलवलास. लालबागला उतरल्यावर मात्र नेहमीसारखी माझी बॅग उचलून लिफ्टपर्यंत आणलीस आणि म्हणालास, ‘वहिनीच्या गोळ्या संपल्यात. उद्या येताना घेऊन ये.’ मला वाटलं, संपलं भांडण. संपलं नव्हतं, आपण दोघांनी नुसतं झाकलं होतं. त्यानंतर आपण रोज बोललो, पाण्याच्या टाकीवर, सोसायटीच्या मीटिंगवर, गणपतीच्या वर्गणीवर, आणि एकदाही त्या खोलीत परत गेलो नाही.

पावसाळ्यात तुझी गिरणीपासूनची अधू छाती भरली आणि परळच्या हॉस्पिटलात तुला नेलं. मी पाळ्या लावल्या: सकाळी वहिनी, दुपारी मी, संध्याकाळी रेश्मा. ‘माझ्या आजाराचंपण टाइमटेबल केलंस,’ ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणालास. सिस्टरला माझी ओळख करून दिलीस, ‘ह्या आमच्या मॅडम. तुमच्या चार्टात चूक असली तर आधीच सांगा, नाहीतर वहीत लिहितील.’ ती हसली. मीही हसले. मला ते टोचलंही, आणि टोचलेलं तुला दिसलं.

एका दुपारी आपण दोघंच होतो. पलीकडच्या खाटेवरचा माणूस झोपलेला. मी सगळं जुळवून बोलायला तोंड उघडलं, ‘दादा, त्या धोट्याचं...’

‘त्या आजीचं काय झालं गो? कळलं का काही?’

‘नाही.’

‘मग फोन कर की जाधव सरांना. नंबर आहे ना तुझ्याकडे? तुझ्याकडे सगळ्यांचा असतो.’

आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, अजून राग आहे. अजून शिक्षा देतोयस. म्हणून मी फोन केला नाही. नंबर होता, वेळ होता, लाज आडवी आली. ‘करते,’ म्हटलं आणि तुझी चादर सारखी केली. त्यानंतर आपण दोघंच असे कधी नव्हतो.

तेराव्याला रेश्माने तुझं कपाट आवरायला घेतलं. मी शेजारी बसून, काय द्यायचं काय ठेवायचं ते लिहून घेत होते. सगळ्यात खालच्या खणात तिची लहानपणची पत्र्याची पेटी निघाली आणि पेटीत तो. तेल पिऊन काळसर झालेला, टोकं बोथट. तिने आपल्या मुलाच्या हातात दिला. ‘ही माझी होडी. आजोबांनी लालबागच्या मार्केटातून विकत आणली होती.’

मी पेन खाली ठेवलं आणि तोंड बंद ठेवलं. दादा, एवढं मी शिकले.

पोरगा पेटी घेऊन बाहेर गेला तशी रेश्मा हळू आवाजात म्हणाली, ‘ताई, ती विकतची नव्हती. मला लहानपणापासून माहीत होतं. तिला गिरणीच्या तेलाचा वास यायचा, पप्पांच्या शर्टासारखा. पण ते एवढ्या खुशीत सांगायचे, विकत आणली. मग मी कसं म्हणणार?’

‘कधीच नाही बोललीस त्याला?’

‘नाही. तुम्ही नका सांगू कोणाला.’ मग तिलाच हसू आलं, आणि हसता हसता रडू. आता कोणाला सांगणार होते मी? हे लिहायला तिने हो म्हटलंय. विचारूनच लिहिते आहे.

तू तिला फसवत नव्हतास आणि ती फसलेली नव्हती. तुम्ही दोघं मिळून ती होडी चालवत होतात. मी त्या टपरीवर बसून त्या होडीलाच खोटं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी जाधव सरांना फोन लावला. बोलायचे मुद्दे लिहून ठेवले होते, तीन. एक, आजीची माफी. दोन, अभिप्रायाच्या वहीतलं माझं पान काढून टाका. तीन, कार्डावर परत होडी लिहा. पहिल्या मुद्द्याशीच सरांनी मला थांबवलं.

‘अहो ताई, आजी ठीक आहेत. दर गुरुवारी येतात. मध्ये बंद केलं होतं, पण अर्जुनराव येऊन गेले ना, तेव्हापासून पुन्हा.’

‘कोण येऊन गेले?’

‘अर्जुनराव. तुमचे. शिमग्याच्या वेळी. तुम्हाला नाही सांगितलं?’

शिमग्याला तू गावी गेला होतास. वहिनीला तसं सांगून गेलास, परत येताना वहिनीसाठी खाजं आणलंस, ते मीही खाल्लं. ते कुठल्या गावाहून विकत घेतलंस कोण जाणे! एकटा, एसटी बदलत, त्या छातीनिशी.

सरांनी सगळं सांगितलं. तू म्युझियममध्ये न थांबता आधी आजीच्या घरी गेलास. सर धोटा घेऊन बरोबर. आजी आधी बोलायलाच तयार नव्हती. ‘माज्या मालकांनी टाकलेली वस्तू आनली म्हन्त्यात. मग मी ती गावाला कशापायी दाखवायची?’ तू तिच्या पडवीत मांडी घालून बसलास, धोटा हातात घेतलास आणि दाखवलंस. हे लोखंड कसं बोथट केलंय बघा. हे लाकूड काचेने तासलंय, इथे हात घसरलाय, हा ओरखडा बघा, रक्त आलं असेल. पाळी संपल्यावर, अंग मोडून आलेलं असताना. बाजारातनं वस्तू आणायला अर्धा तास लागतो आजी, ही करायला तुमच्या मालकांना पंधरा दिवस लागले असतील.

आजी म्हणाली, ‘मग हे मला का न्हाई सांगितलं त्यांनी?’

‘मीपण माझ्या मुलीला नाही सांगितलं,’ तू म्हणालास. ‘लाज वाटायची.’

आजीने तो हातात घेतला. ओरखड्यावरून अंगठा फिरवत राहिली, असं सर म्हणाले. मग तुला जेवूनच जायला लावलं. आता म्युझियममध्ये कोणी नवीन आलं की ती स्वतः उठून सांगते, ही काचेनं तासलीया, मालकांनी माज्या.

मी मुद्द्यांचा कागद उलटा करून ठेवला. सरांना वाटलं फोन तुटला. ‘हॅलो? ताई? तर जाताना अर्जुनराव मला म्हणाले, कार्डावर धोटाच लिहा. आमच्या मीनाचं बरोबर होतं. सांगायची पद्धत चुकली, पण गोष्ट बरोबर होती. आणि सुनंदाताईंच्या वडिलांना तो हातात का घेता आला नाही तेही लिहा म्हणाले.’

‘मग लिहिलंत का?’

‘नाही ना! ते म्हणाले, घाई करू नका, ती फोन करील तेव्हा लिहा. ती काम सोडत नाही. मी आपला वाट बघतोय.’

शिमग्यापासून, दादा. ती वस्तू नावाशिवाय ठेवलीत तुम्ही दोघांनी, माझ्या फोनसाठी. आणि हॉस्पिटलात तू मला सांगितलंस तो राग नव्हता. तू मला रस्ता दाखवत होतास. हे तोंडाने सांगायला काय झालं होतं तुला? ‘मीना, तुझं बरोबर होतं’, एवढंच तर. नाही. मी आधी फोन करायला हवा, मग तू माघार घेणार. हट्टी माणूस. या एका गोष्टीसाठी मी तुझ्यावर अजून चिडणार आहे, बराच काळ. बाकी सगळ्यासाठी काय म्हणू? माझ्या चुकीवर तू माझ्यामागून जाऊन हात फिरवलास, काचेने तासतात तसा, टोक बोथट होईपर्यंत.

सर विचारत होते, ‘तर मग लिहू ना धोटा?’

‘होडी लिहा,’ मी म्हटलं. ‘मी त्यासाठीच फोन केला होता.’

‘अहो ताई!’ सर आता मास्तरांच्या आवाजात बोलायला लागले. ‘तुम्ही धोटा म्हणालात, ते होडी म्हणाले. आता ते धोटा म्हणतात, तुम्ही होडी म्हणता. तुम्ही दोघं एकाच इमारतीत राहता ना? एकदा आपसात ठरवा आणि मला एकच काय ते सांगा.’

तेव्हा मी त्यांना सांगितलं. किती तारखेला, कशाने, एवढंच. खाली वाचनालयाच्या पायऱ्यांवर कोणीतरी पान मागत होतं, ते फोनमधून ऐकू येत होतं.

‘मग त्यांची इच्छा होती तेच लिहू,’ सर शेवटी म्हणाले. ‘त्यांचं लिहू. पण ताई, त्यांचं म्हणजे कुठलं? आधीचं की नंतरचं?’

‘दोन्ही त्याचीच आहेत सर. दोन्ही लिहा. काचेने तासल्याचं आजी सांगतात तसं लिहा. दोरीची खाच कुठे आहे ते लिहा. सुनंदाच्या आप्पांचंही लिहा, पूर्ण.’

‘एवढं सगळं कार्डावर मावायचं नाही हो.’

‘मग मोठं कार्ड घ्या,’ मी म्हटलं.